नमुना-पुस्तिका छापण्यासाठी सेवा कशी निवडावी?

एकेकाळी बीडची चामड्याची छागल आणि गुप्ती दूरवर नावाजलेली होती. माल हीच मालाची जाहिरात असे. आज आपल्या जिल्ह्यातील नक्षीकाम करणारा सुतार, जरीकाम करणारी भगिनी किंवा उर्दू कातिब यांचे गिऱ्हाईक पुणे-मुंबईला असते. मोठे काम देणारा माणूस दहा कारागिरांचे काम शेजारी ठेवून पाहतो. अशा वेळी निवडक कामाची छापील पुस्तिका हाताशी असावी, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी हजार प्रती छापण्याची गरज नाही. ऑफसेटमध्ये रंगीत छपाईला चार प्लेटा कराव्या लागतात आणि तो खर्च दहा प्रतींनाही तेवढाच पडतो. १९९३ साली इंडिगो कंपनीने प्लेटविना रंगीत छपाई करणारे यंत्र आणले आणि थोड्या प्रती छापणे परवडू लागले. यालाच मागणीनुसार छपाई, म्हणजे प्रिंट ऑन डिमांड म्हणतात. आपल्या देशात २००८ साली बंगळूरला सुरू झालेली पोथी डॉट कॉम ही अशीच सेवा. मोठ्या शहरांतील डिजिटल छापखानेही हे काम करतात.

हिशेब समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. ऑफसेटचा ठोक खर्च १२,००० रुपये व वर प्रत्येक प्रतीस ४० रुपये. डिजिटलला प्रतीस २५० रुपये. वीस प्रतींना ऑफसेट १२,८०० रुपये, तर डिजिटल ५,००० रुपये. ५७ प्रतींच्या आसपास दोन्ही सारखे होतात. त्याखाली डिजिटल, त्यावर ऑफसेट. आपणही प्रत्यक्ष दर घेऊन असाच हिशेब मांडावा.

परंतु केवळ दरावर सेवा निवडू नये. पुढील गोष्टी आधी विचाराव्यात.

१) रंग : मोबाईलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई चार शाईंनी होते. त्यामुळे झगझगीत निळा-हिरवा आणि जरीची चमक कागदावर फिकी उतरते. पूर्ण मागणीपूर्वी एक नमुना प्रत देणारी सेवाच घ्यावी.

२) छायाचित्रे : छपाईला दर इंचास ३०० ठिपके लागतात. आठ इंच रुंद चित्रासाठी २,४०० ठिपके हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवल्यास तो लहान होतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

३) उर्दू मजकूर : उर्दू पुस्तिका उजवीकडून उघडते. तशी बांधणी होईल का, हे लेखी विचारावे. इनपेजची फाईल सगळीकडे उघडत नाही; पीडीएफ करून द्यावी आणि नस्तालिकची अक्षरे तुटली नाहीत ना, हे नमुना प्रतीत पाहावे.

४) बांधणी : सेंटर पिनसाठी पाने चारच्या पटीत लागतात, १६, २० किंवा २४. पाने थोडी असतील तर हीच बांधणी सोयीची.

५) पोहोच : आपल्या पिनकोडवर माल येतो का, कुरिअरसह भाव काय आणि प्रत खराब आली तर भरपाई कोण देणार, हे आधी ठरवावे.

६) फाईल : तयार मांडणीची फाईल आपल्याला परत मिळावी. ती नसेल तर पुढच्या वर्षी दोन पाने बदलण्यासाठीही त्याच दारात जावे लागते.

पुस्तिकेत केवळ स्वतःचेच काम असावे. दुसऱ्याची डिझाईन उचलून छापू नये. नवरीच्या मेहंदीचे छायाचित्र घरच्यांच्या परवानगीनेच आणि शक्यतो फक्त हातांचे घ्यावे. ही गिऱ्हाइकाची अमानत आहे.

नमुना प्रत आली की दिवसाच्या उजेडात आपल्या प्रत्यक्ष कामाशेजारी ठेवावी. पुस्तिकेत गडद लाल आणि हाती विटकरी माल पडला, तर गिऱ्हाईक छापखान्याला दोष देत नाही, कारागिराला देते. काम परत येते आणि नावही जाते. म्हणून रंग जुळला तरच उरलेल्या प्रतींची मागणी द्यावी. एका प्रतीचे जादा पैसे गेले तरी हा सौदा स्वस्तच आहे.