फायनलनंतरचे महिने

अगं, आपली पुणेरी पलटण प्रो कबड्डी लीगची फायनल हरल्याला महिना होत आला आणि तू अजून मॅचचा विषय निघाला की गप्प होतेस, असं तुझी रूममेट सांगत होती. मी हसणार नाही. 'खेळच तो, एवढं काय' असंही म्हणणार नाही, कारण ३१ ऑक्टोबर २०२५ ची ती रात्र मलाही जड गेली. गुणतक्त्यात पहिलं यायचं, क्वालिफायरमध्ये दबंग दिल्लीशी ३४-३४ बरोबरी करून टायब्रेकरमध्ये हरायचं, मग तेलुगू टायटन्सना हरवून पुन्हा त्याच दिल्लीसमोर उभं राहायचं आणि करंडक सुटायचा तो ३१-२८ असा, तीन गुणांनी. तीन गुण म्हणजे एक चांगली चढाई! वाईट वाटणारच.

पण सामन्यांचे दोन महिने सोपे असतात बघ. रात्री आठ वाजले की सामना असतो, हरलो तरी दोन दिवसांनी दुसरा असतो. चाहतीची खरी ओढाताण होते ती मधल्या रिकाम्या महिन्यांत, आणि तू वाकडला नवीन, पलटणीच्या प्रेमात पडलेलीही नवीन. म्हणून लिलाव लागायच्या आधीच तुझ्याशी बोलायचं होतं.

लिलावात माणसं जातात. संघ मोजके खेळाडू राखतो, बाकीच्यांवर बोली लागते. एफबीएम, म्हणजे 'फायनल बिड मॅच' कार्ड वापरून शेवटच्या बोलीइतके पैसे मोजले तर आपला खेळाडू परत घेता येतो, पण ती कार्डंही मोजकीच आणि खिशातली रक्कमही ठरलेली. बघ, २०२३ च्या लिलावात आपण इराणी अष्टपैलू शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली, तेव्हा तो आपला होता. पुढच्याच लिलावात त्याच हरियाणाने त्याला नेलं. आणि मग काय झालं? २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणाने पाटण्याला हरवून करंडक उचलला, तो आपल्या बालेवाडीत! आपला संघ प्लेऑफलाही पोचला नव्हता आणि प्लेऑफ मात्र आपल्या दारात. वाकडच्या पुलावरून मुळा ओलांडली की समोर ते संकुल. त्या दिवसांत तिकडे बघवत नव्हतं.

या वर्षी दिल्लीच्या बचावात फजल अत्राचली होता, तो २०२२ मध्ये आपला कर्णधार होता. आपल्याला जिंकून देणारे प्रशिक्षक बी. सी. रमेश बंगळुरूला गेले, त्यांच्या जागी अजय ठाकूर आले. हे असंच चालतं गं. खेळाडूवर जीव लाव, भरभरून लाव, पण तो उद्या दुसऱ्या जर्सीत दिसला तर त्याला गद्दार म्हणू नकोस, कुणी म्हणत असेल तर त्यात सामील होऊ नकोस. कबड्डीपटूची कमाईची वर्षं थोडी असतात. अस्लम इनामदारचंच घे. नगर जिल्ह्यातला पोरगा, हांगझोच्या आशियाई सुवर्णसंघात होता, विजेतेपदाच्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पुढच्याच हंगामात गुडघ्याने त्याला मध्यातच बाहेर बसवलं. ज्यांचं पोट गुडघ्यावर आहे, त्यांना चांगली बोली लागली तर आपण आनंद मानायचा.

आणि हो, पैसे लावू नकोस. खेळीमेळीतही नाही, 'ऑफिसात सगळे लावतात' म्हणूनही नाही. मी पैजेत अडकलेली माणसं पाहिलीत, त्यांना नंतर चढाई दिसतच नाही, आकडे दिसतात.

आता खरं सांगायचं ते. तू पलटणीसाठी डोळे सुजवून बसली होतीस, तेव्हा, अंतिम सामन्यानंतर बरोबर चोवीस दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, भारताच्या मुलींनी ढाक्यात चायनीज तैपेईला ३५-२८ हरवून विश्वचषक जिंकला. तुला माहीत होतं? मला राग तुझा नाही, ज्यांनी ते तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही त्यांचा आहे. २०१२ चा पहिला महिला विश्वचषकही आपणच पाटण्यात जिंकला होता, त्या संघात महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के होत्या. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर मुलींचे तीन संघ खेळवले, अंतिम सामना एका गुणाने, २४-२३ असा सुटला. इतका रंगलेला खेळ पुढच्या वर्षी बंद! तो बंद व्हायला नको होता, हे माझं ठाम मत आहे. मुलींची लीग पुन्हा उभी राहायची तर बघणारे डोळे लागतील, आणि त्यात तुझे-माझे पहिले हवेत.

या वर्षी लीगचा एकही सामना पुण्यात झाला नाही. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली, एवढंच. म्हणजे तुझी सगळी कबड्डी फोनच्या पडद्यावरची. ती मैदानावर बघ ना एकदा! वाकड म्हणजे भूमकर चौकातलं ट्रॅफिक आणि टॉवर नव्हेत फक्त. अजूनही चैत्रात म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला येतं, गावठाण जागं आहे, आणि थंडी सुरू झाली की पिंपरी-चिंचवडमध्ये कुठे ना कुठे दिव्यांच्या झोतात मॅट पडते. तिथे पकडीचा आवाज ऐकू येतो, घोट्याला बसलेली मिठी दोन हातांवरून दिसते. कोपरारक्षक चढाई सुरू असताना काय बोलतो, साखळी कधी सुटते, तिसऱ्या चढाईला, करो या मरोच्या वेळी, पोरं कशी धापा टाकतात, हे टीव्ही दाखवत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत पलटण का घाबरली, हे मला मैदानाकडेला बसूनच कळायला लागलं.

एकटी जाऊ नकोस, सामने रात्री उशिरापर्यंत चालतात, हायवेच्या सर्व्हिस रोडला अंधार असतो. माझ्याबरोबर चल. १५ जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीचा कबड्डी दिन असतो, तोवर थांबायचं कारण नाही. पुढच्या शनिवारी गाडी मी घेऊन येते, तू साडेपाचला मानकर चौकात थांब. मुलींचे सामने आधी लागले तर ते चुकवायचे नाहीत.