ओटीपोटातला जंतुसंसर्ग : औषध तीनशेचं, बिल तीस हजारांचं

ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला, म्हणजे गर्भपिशवी, बीजवाहिन्या आणि त्यांच्या आजूबाजूला सूज आली, तर त्यावरची चौदा दिवसांची औषधं साध्या कंपनीची घेतली तर अंदाजे दीडशे ते साडेतीनशे रुपयांत येतात. सेफिक्झिम एकदाच, डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल रोज दोनदा. सरकारी दवाखान्यात हीच तीन औषधं पिवळ्या रंगाच्या किटमध्ये फुकट मिळतात. तरीही या दुखण्यापायी तीस-चाळीस हजार घालवलेल्या बायका आपल्या ओळखीत निघतात, आणि मूल राहत नाही म्हणून पुढे लाखांत शिरलेल्याही. हा पैसा गोळ्यांवर गेलेला नसतो.

निदानापासून सुरुवात करू. हा संसर्ग मुख्यतः हाताने तपासून ओळखतात. गर्भपिशवीचं तोंड हलवलं की कळ येते का, पिशवी किंवा तिच्या बाजूला दाबलं की दुखतं का, हे डॉक्टर आतून तपासून बघतात. शरीरसंबंध येत असलेल्या तरुण बाईला ओटीपोटात दुखतंय, दुसरं कारण दिसत नाही आणि यातली एक जरी खूण सापडली, तर औषध लगेच सुरू करायचं, रिपोर्टसाठी थांबायचं नाही, हा आता सर्वमान्य नियम आहे. त्यामुळे तपासणीच्या टेबलावर न घेता नुसतं ऐकून गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांची फी शंभर रुपये असली तरी ती महागच.

खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांची फी तालुक्याच्या गावी दोनशे ते पाचशे, पुण्या-मुंबईत सहाशेपासून हजार-दीड हजारापर्यंत धरा. लघवीची गर्भचाचणी मात्र चुकवू नका. पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे, पण नळीत राहिलेला गर्भही असाच दुखतो आणि तो जिवावर बेततो. शिवाय दिवस राहिलेले असतील तर डॉक्सिसायक्लिन चालत नाही, औषधच बदलतं. सोनोग्राफीला आठशे ते दोन हजार पडतात. ताप जास्त असेल, पू साठल्याची शंका असेल किंवा औषधाने उतार पडत नसेल तर ती हवीच. पण सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे संसर्ग नाही, असा अर्थ होत नाही. स्रावाच्या पीसीआर तपासणीचं पॅकेज अडीच ते पाच हजारांच्या घरात जातं. परवडत असेल तर तिचा उपयोग आहे, मात्र तिच्याशिवाय उपचार अडत नाहीत. एचआयव्हीची चाचणी सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होते, ती खासगीत पैसे देऊन का करायची?

सरकारी दवाखान्याचा हिशेब सोपा आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं आणि महापालिकेची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे थोडे पैसे लागतात. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी असते. ओळखीचं कुणी बघेल म्हणून बायका त्या दाराशी बिचकतात. बिचकण्याचं कारण खरं आहे, पण पिवळं किट याच दाराआड मिळतं. स्राव फक्त खालचा असेल, म्हणजे खाज, दह्यासारखं पांढरं किंवा वास येणारं पाणी, आणि पोटात दुखत नसेल, तर तिथे हिरवं किट देतात. दोन्ही किटं वेगळ्या आजारांची आहेत. मेडिकलवर ‘पांढरं जातंय’ एवढं सांगितलं की हातात पडणारं एका दिवसाचं किट ओटीपोटाच्या संसर्गाला पुरत नाही. काउंटरवर चार पुरुष उभे असताना बाई याहून जास्त सांगणार तरी कशी? म्हणून हा आजार काउंटरवर सोडवायचाच नाही. आणि जाता जाता : योनी धुवायचे सुगंधी द्रव दीडशे-दोनशेला बाटली विकले जातात. त्यांनी संसर्ग बरा होत नाही. ते पैसे वाचवा.

मोठं बिल येतं ते दाखल झाल्यावर. खासगीत चार-पाच दिवस सलाइनमधून प्रतिजैविकं घेतली तर वीस ते साठ हजार सहज होतात. गरज कुणाला असते? गरोदर बाईला, खूप ताप आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नाही तिला, पू साठलेला असेल तिला, अपेंडिक्सची शंका असेल तेव्हा आणि तीन दिवसांच्या गोळ्यांनी उतार नसेल तर. बाकीच्यांचं काय, याचं चांगलं उत्तर अमेरिकेतल्या ‘पीच’ या अभ्यासात मिळालं. सौम्य ते मध्यम आजाराच्या ८३१ बायकांपैकी अर्ध्यांना दाखल करून शिरेतून औषध दिलं, अर्ध्यांना एक इंजेक्शन देऊन गोळ्यांवर घरी पाठवलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले : सुमारे तीन वर्षांत दोन्ही गटांत दिवस राहण्याचं प्रमाण सारखंच, ४२ टक्के. तेव्हा ‘कॅशलेस आहे ना, मग अ‍ॅडमिट व्हा’ असं कुणी सुचवलं तर ‘मला गोळ्यांवर का ठेवता येणार नाही?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विम्यात ओपीडीचा खर्च बहुधा बसत नाही, भरतीचा बसतो. सल्ला कधी कधी तिथूनच वाकडा होतो.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण खरं नुकसान इथे होतं. मेट्रोनिडॅझोल तिन्हींत स्वस्त, गोळी दीड-दोन रुपयांची. तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, आणि दुखायचं थांबलं की बायका आधी तीच सोडतात. ती खरंच लागते का, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत तपासलं गेलं. २३३ बायकांना सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन आणि डॉक्सिसायक्लिन दिलं. काहींना त्याबरोबर मेट्रोनिडॅझोल, काहींना नुसती दिखाऊ गोळी. तिसऱ्या दिवशी दोन्ही गट सारखेच बरे दिसत होते. महिन्याने तपासलं तर मेट्रोनिडॅझोल घेतलेल्यांत ९ टक्के जणींना ओटीपोट दाबल्यावर दुखत होतं, दिखाऊ गोळीवाल्यांत २० टक्के. म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या बरं वाटण्यावर विसंबून गोळी सोडली तर फसगत होते.

डॉक्सिसायक्लिनची अडचण वेगळी. दूध, अ‍ॅसिडिटीचं औषध, कॅल्शियम आणि लोहाची गोळी यांच्याबरोबर घेतली तर ती अंगाला नीट लागत नाही. आपल्याकडे आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या घरोघरी असतात, आणि सगळ्या गोळ्या एकदम चहाबरोबर गिळायची सवयही. डॉक्सिसायक्लिन आणि लोहाची गोळी यांत काही तासांचं अंतर ठेवा. भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्या. गिळून लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत जखम होते.

नवऱ्याच्या औषधाचा खर्च शंभर-दीडशे रुपये, सुरक्षा क्लिनिकमध्ये शून्य. तो धरला नाही तर बाईचा खर्च दुप्पट होतो, कारण संसर्ग परत येतो. मागच्या साठ दिवसांतल्या जोडीदारावर उपचार करायचे हा जुना नियम. ज्या वासाच्या स्रावाला आजवर फक्त बाईचा आजार समजत होते, त्यातही चित्र बदलतंय. ऑस्ट्रेलियात १६४ जोडप्यांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फक्त बाईला औषध दिलं तेव्हा बारा आठवड्यांत ६३ टक्के जणींना तो त्रास परत झाला. नवऱ्यालाही गोळ्या आणि मलम दिलं तेव्हा ३५ टक्के. ‘मला काय झालंय?’ म्हणणाऱ्या नवऱ्याला हे आकडे वाचून दाखवायला हरकत नाही.

दोनदा-तीनदा पूर्ण औषध घेऊनही दुखणं जात नसेल, पाळी कमी झाली असेल, तर पुढचं भारी प्रतिजैविक विकत घेण्याआधी गर्भपिशवीच्या क्षयाची तपासणी मागा. आपल्या देशात ती शक्यता डावलता येत नाही. क्षयाची औषधं राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला हजार रुपयेही.

अंगावर काढण्याची किंमत कुणी पावतीवर छापत नाही. स्वीडनमधल्या लुंड इथल्या बायकांचा संशोधक वेस्ट्रम यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९९२ मध्ये आकडे मांडले : संसर्ग एकदा झाला तर नळ्या बंद होऊन मूल न होण्याचं प्रमाण ८ टक्के, दोनदा झाला तर साडेएकोणीस, तीनदा झाला तर ४०. टेस्ट ट्यूब बेबीचा एक प्रयत्न खासगीत दीड-दोन लाखांखाली होत नाही. आणि आपल्याकडे अंगावर किती काढतात? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं : ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

याचं दुसरं टोक बीडमध्ये दिसलं. पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय एवढ्यावरून ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या खासगी रुग्णालयांत काढल्या गेल्या, त्यातल्या कित्येकींनी त्यासाठी मुकादमाकडून उचल घेतली. २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. संसर्गाच्या स्रावाला शस्त्रक्रिया हे उत्तर नाही. ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं ऐकलं, तर पैसे भरण्याआधी जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या. ते फुकट मिळतं. पू साठून खरोखरच शस्त्रक्रियेची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे आरोग्यमित्राला आधी विचारा.

औषध सुरू केल्यापासून तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं आहे, हे चिठ्ठीवरच लिहून घ्या. तांबी बसवलेली असेल तर ती लगेच काढायलाच हवी असं नाही, तेही त्याच वेळी ठरतं. जवळचं सुरक्षा क्लिनिक कुठे आहे, हे १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं. फोन करायला नाव सांगावं लागत नाही.