धान्यातली गोळी आणि घरातली हवा



गळीत आटोपले की घरोघर वर्षाचा गहू, ज्वारी भरण्याची धांदल सुरू होते. सोंडे लागू नयेत म्हणून कुणीतरी पोत्यात दोन-चार गोळ्या टाकतो. उसाचे सोडून हे काय काढले, असे काहींना वाटेल. पण पोती रचलेल्या खोलीतच लेकरे झोपतात, हे गटातून फिरताना आम्ही पाहतो. म्हणून लिहिणे भाग आहे.

ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. ती कीड मारत नाही, तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू मारतो. हवेतला ओलावा लागला की वायू सुटू लागतो आणि दोन-तीन दिवस सुटतच राहतो. तागाचे पोते त्याला अडवत नाही. भिंतीच्या भेगेतून, पत्र्याच्या फटीतून तो शेजारच्या खोलीतही जातो.

आता हिशेब करू. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत तो हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २५ भाग होतो. कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा आहे ०.३ भाग, आणि ५० भागांना जिवाला तात्काळ धोका मानतात. म्हणजे दोन गोळ्यांतच काम झाले! लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो खरा, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असे समजू नये.

डोके दुखणे, मळमळ, उलट्या, छातीत दडपण, धाप ही लक्षणे. घरात दोघा-तिघांना एकदम उलट्या झाल्या की जेवण बाधले असे आपण म्हणतो आणि माणसे पुन्हा त्याच खोलीत निजवतो. घात तिथेच होतो. आधी सगळ्यांना उघड्यावर आणावे, १०८ ला फोन करावा, आणि डॉक्टरांना गोळीचे नाव सांगावे. या विषावर उतारा नाही, त्यामुळे घरगुती उपायांत वेळ दवडू नये. गोळीवर पाणी तर मुळीच ओतू नये, वायू भडकून पेट घेतो.

मग धान्य टिकवायचे कसे? कडक उन्हात वाळवून, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला की गार करून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावे. गव्हाला एरंडेल चोळण्याची आपल्या आयाबायांची रीत चांगलीच आहे. जुनी पोती नव्या धान्याला वापरू नयेत, किडीची अंडी त्यांतच असतात.

माल मोठा असेल आणि धुरी द्यावीच लागली, तर ती राहत्या घराला लागून नसलेल्या गोदामात, परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच. सर्वसामान्यांना ही गोळी विकायलाच कायद्याने बंदी आहे. १० व २० गोळ्यांच्या नळ्या तर २००१ सालीच बंद झाल्या. तरी कुणी सुट्या गोळ्या पुडीत बांधून देत असेल, तर घेऊ नका आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवा.