अर्धवट पदवी पुरी करताना

पदवी अर्धवट राहिल्याचं चारचौघांत बोलून दाखवलं, की आठ दिवसांत कुणी ना कुणी फोन नंबर देतं. "आमच्या ओळखीचे एक सर आहेत, वर्षात बी.कॉम. करून देतात." मलाही असा नंबर मिळाला होता. सरांनी सांगितलं ते असं: प्रवेश दोन वर्षं मागच्या तारखेचा दाखवायचा, पेपर घरी बसून लिहायचे, पैसे रोख द्यायचे, विद्यापीठ परराज्यातलं. मी पतसंस्थेत नोकरी करते. नव्याने लागलेल्यांची गुणपत्रकं पडताळणीसाठी ज्या त्या विद्यापीठाकडे पाठवायची, हे काम बरीच वर्षं माझ्याच टेबलावर होतं. "सदर बैठक क्रमांकाची नोंद आढळत नाही" एवढ्या एका ओळीवर नोकरी गेलेला तरुण मी पाहिला आहे. त्याचे वडील साहेबांना भेटायला आले आणि दाराशीच खाली बसले. असं दुसऱ्या कुणाच्या घरात होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

तीन वर्षांची पदवी दूरस्थ शिक्षणातून वर्षात देण्याचा अधिकार कुणालाच नाही. घाई असणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी असतात: पूर्वी पास झालेलं वाया जाऊ द्यायचं नाही, आणि पुढचं एकही सत्र बुडू द्यायचं नाही. खर्चही त्यानेच आटोक्यात राहतो.

पहिली खेप जुन्या कॉलेजात मारावी. मी बी.कॉम.ची दोन वर्षं पास होते, तिसरं वर्ष लग्नात आणि बाळंतपणात राहून गेलं. विद्यापीठाने मुदत संपल्याचं आणि अभ्यासक्रम बदलल्याचं सांगितलं, तरी ती खेप फुकट गेली नाही. तिथूनच जुनी गुणपत्रकं, ट्रान्सफर सर्टिफिकेट आणि त्या वेळच्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत मिळाली. ही प्रत फार मोलाची असते. इग्नूमध्ये (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) क्रेडिट ट्रान्सफरची सोय आहे, पण तुम्ही पूर्वी शिकलेला विषय त्यांच्या विषयाशी जुळतो का, हे त्या प्रतीवरूनच ठरतं. 2021 साली सुरू झालेल्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये श्रेयांक (क्रेडिट) जास्तीत जास्त सात वर्षं धरले जातात. 2021 च्या आधी शिकलेल्या आपल्यासारख्यांचं तिथे आपोआप काही जमा झालेलं नसतं. म्हणून कागद आपणच जमवायचे.

बायकांनी नावाचं काम सगळ्यात आधी करावं. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, कॉलेजच्या गुणपत्रकावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, असा गोंधळ घराघरांत आहे. आता प्रवेशाचा अर्ज आधारला जोडलेल्या आयडीवरच भरावा लागतो. विवाह नोंदणीचा दाखला नाहीतर राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी नसेल, तर अर्जाची शेवटची तारीख तहसील आणि सेतू केंद्राच्या चकरांतच निघून जाते. माझ्याबरोबरच्या दोघी नेमक्या याच कारणाने एक सत्र मागे पडल्या. त्या हुशार होत्या आणि अभ्यासालाही बसल्या होत्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

विद्यापीठ खरं आहे का हे पाहणं अवघड नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर मान्यता असलेली विद्यापीठं आणि त्यांचे अभ्यासक्रम दिलेले असतात. मान्यता त्या त्या वर्षाची आणि त्या त्या अभ्यासक्रमाची पाहायची, नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून चालत नाही. 2024 पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतः डीईबी आयडी काढावा लागतो. तो न मागता कुणी प्रवेश देत असेल, तर तिथून उठावं. राज्य विद्यापीठाला किंवा खासगी विद्यापीठाला दूरस्थ शिक्षणाचं केंद्र आपल्या राज्याबाहेर उघडता येत नाही, त्यामुळे आपल्या गावातल्या क्लासवर परराज्यातल्या विद्यापीठाची पाटी दिसली की तिथेच सावध व्हावं. अभियांत्रिकी, नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने मिळत नाहीत. चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबद्दलचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये दिला, त्यात 2005 नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. त्यातल्या कित्येकांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला असणार.

महाराष्ट्रात आपल्याला दोन रस्ते जवळचे आहेत: 1989 साली नाशिकला स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, आणि 1985 चं इग्नू. मराठीतून लिहायचं असेल तर नाशिकचं सोयीचं. फी माहितीपुस्तिकेत छापलेली असते, तेवढीच भरायची, आणि विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरायची.

इग्नूत माझं एक सत्र गेलं ते अभ्यासकेंद्रामुळे. गृहपाठ वेळेत नेऊन दिले होते. तिथल्या बाईंनी गठ्ठ्यात ठेवून घेतले, पोच मागितली तर "सगळ्यांचे असेच घेतो" म्हणाल्या. निकालात गृहपाठाचे गुण कोरे. लेखी परीक्षेत पास असूनही दोन विषय अडकले आणि त्या वर्षीच्या बढतीच्या यादीतून नाव गेलं. इग्नूत बी.ए., बी.कॉम.च्या बहुतेक विषयांना गृहपाठाचे 30 टक्के गुण असतात आणि गृहपाठात वेगळं पास व्हावं लागतं. त्यामुळे पहिल्या पानावर सही-शिक्का घेतल्याशिवाय केंद्रातून निघू नये. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. ऑनलाइन स्वीकारत असतील तर पोचेचा ईमेल जपावा. कुणाला राग आला तर येऊ द्यावा.

अभ्यासाचा हिशेब मात्र स्वतःशी खरा करावा. इग्नू एका श्रेयांकाला 30 तास धरते, म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला 120 तास. रोज एक तास बसलं तर सहा महिन्यांत दीडच विषय होतो. सत्रात चार-पाच विषय असतात. नोकरी, स्वयंपाक, मुलांची शाळा सांभाळून रोज तीन तास निघणार कुठून, हे प्रवेशाआधी घरी सगळ्यांसमोर बोलून घ्यावं. आमच्याकडे सासूबाईंनी सकाळचे डबे स्वतःकडे घेतले, म्हणून माझं निभावलं. रोजच्या कामातला विषय असेल तर वेळ बराच वाचतो. मला लेखाकर्म फारसं वाचावंच लागलं नाही, इंग्रजीने मात्र दम काढला. क्लास लावायची गरज नाही. इग्नूची पुस्तकं ईज्ञानकोशवर फुकट आहेत, जुन्या प्रश्नपत्रिकाही त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रश्नपत्रिका घड्याळ लावून हाताने लिहून सोडवाव्यात. इतक्या वर्षांनी तीन तास पेन धरायचं म्हणजे बोटं दुखतात, अक्षर बिघडतं, आणि येत असलेलं उत्तर अर्धं राहतं.

इग्नूत तीन वर्षांच्या पदवीला जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, आणि सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा होतात. विषय राहिला तर लगेच पुढच्याच परीक्षेचा अर्ज भरावा. "पुढच्या वर्षी निवांत देऊ" म्हणणाऱ्यांचीच पदवी दुसऱ्यांदा अर्धवट राहते.

"मुक्तची पदवी चालते का?" हे कचेरीत विचारणारे भेटतातच. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या सूचनेची प्रत काढून ठेवावी. निकाल लागला की पदवीदानाची वाट न पाहता तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र मागून घ्यावं, साक्षांकित प्रतीसह अर्ज करून सेवापुस्तिकेत नोंद करून घ्यावी, आणि त्या अर्जाचीही पोच घ्यावी.