जलसंजीवनी कोणती खरी?

मुलाला जुलाब लागले की आई औषधाच्या दुकानात धावते व "ओआरएस द्या" म्हणते. दुकानदार एक खोका पुढे करतो. त्यावर फळाचे चित्र असते आणि नावात ती तीन अक्षरे ठळक असतात. मूल ते पेय आवडीने पिते, आईला हायसे वाटते; पण जुलाब मात्र वाढतात. असा अनुभव पुष्कळ घरांत आला आहे.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी हा प्रश्न सुमारे आठ वर्षे लावून धरला व त्या न्यायालयातही गेल्या. "हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे ओआरएस नव्हे" अशी सूचना छापली, तर नावात ती अक्षरे ठेवण्याची मुभा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली दिली होती. आता घाबरलेली आई मध्यरात्री बारीक अक्षरे वाचत बसेल काय? अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली.

खऱ्या जलसंजीवनीत एक लिटर पाण्यामागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. ग्लुकोज व मिठातील सोडियम आतड्यातून जोडीने रक्तात शिरतात आणि पाण्यालाही बरोबर नेतात. सारे इंगित या प्रमाणात आहे. गोड पेयात साखर याच्या कितीतरी पट असते. ती सगळी शोषली जात नाही, आणि उरलेली साखर शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. म्हणून जुलाब वाढतात. खऱ्या द्रावणाला मुले तोंड वाकडे करतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तेव्हा चमच्याचमच्याने पाजावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मातांच्या सभेत खरी पुडी व एक लिटरचे भांडे प्रत्यक्ष दाखवावे. पुडी आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात मिळते. लिटरची पुडी पूर्ण लिटरभर स्वच्छ पाण्यातच घालावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात घालणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. जस्ताच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस, जुलाब थांबले तरी, द्याव्या.

मूल सुस्त पडले, पाणी पिईना, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले, तर पुडीवर विसंबून न राहता तडक दवाखाना गाठावा.