गोप्य काय, प्रकट काय?

गेल्या वैशाखात आमच्या नातवाचा व्रतबंध झाला. पत्रिका छापून आली त्याच सायंकाळी तिचे छायाचित्र आम्ही स्वतः व्हॉट्सॲपवरील चार समूहांत पाठविले आणि फेसबुकवरही ठेवले. दूरचे आप्त, जुने सहकारी व मंदिराचे सभासद यांना शुभवार्ता सत्वर कळावी, एवढाच त्यात हेतू होता. अभिनंदनाचे संदेश पुष्कळ आले आणि मनाला समाधान वाटले.

कार्य पार पडून आठ दिवस होतात न होतात तोच ग्वाल्हेरीस राहणाऱ्या आमच्या वडील भगिनींना एक दूरध्वनी आला. बोलणारा हिंदीत व मोठ्या घाईने बोलत होता. त्याने मुलाचे पूर्ण नाव सांगितले, त्याच्या आईवडिलांची नावे सांगितली, मुंज कोणत्या कार्यालयात झाली तेही सांगितले. आणि मुलाला अपघात झाला असून इस्पितळात तत्काळ पैसे भरावयाचे आहेत, असे म्हटले. ताईंचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे हातपाय गळाले. तथापि त्यांनी एकच प्रश्न केला : मुलाला घरात कोणत्या नावाने हाक मारतात? पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि संभाषण तुटले. ते नाव पत्रिकेत नव्हते.

पैसा गेला नाही. लज्जा मात्र आमच्या वाट्यास आली. कारण परक्याच्या हाती घराचा नकाशा आम्हीच काढून दिला होता. ही गोष्ट झाकून ठेवण्यापेक्षा सभासद कुटुंबांपुढे मांडावी, म्हणजे आमची चूक इतरांच्या तरी उपयोगी पडेल, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

त्या दिवशी आम्ही पत्रिका पुन्हा एकदा, परक्याच्या दृष्टीने वाचली. "आमचे येथे श्रीकृपेकरून" येथपासून आरंभ करून तिने काय काय सांगितले होते? बटूचे पूर्ण नाव, आईवडिलांची नावे, आजोबा-आजींची नावे, आजोळचे आडनाव व गाव, कार्याची तिथी, वार व वेळ, घराचा संपूर्ण पत्ता, आणि शेवटी निमंत्रकांमध्ये तीन गावांच्या तीन घरांचे दूरध्वनी क्रमांक. ताईंचा क्रमांक त्यांतच होता. शिवाय त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत आमचे घर कुलूपबंद राहणार, हेही त्याच कागदावरून कोणासही उमगण्यासारखे होते.

कोणी म्हणेल, पत्रिका तर आपण पिढ्यानपिढ्या अशाच छापीत आलो. हे खरे आहे. परंतु पूर्वी ती अक्षतांसह हातोहात जात असे. ज्याच्या दाराशी ती पोहोचे, त्याला आपण ओळखत असू. आज पत्रिका तीच आहे. वाचणारा बदलला आहे. व्हॉट्सॲपचा संदेश वाटेत कोणास वाचता येत नाही. पण दोनशे जणांच्या समूहातील कोणीही एक जण तो पुढे धाडू शकतो, आणि पुढे गेलेली वस्तू परत मागता येत नाही. फेसबुकवर सर्वांसाठी खुली ठेवलेली गोष्ट तर चव्हाट्यावरच्या फळ्यावर लिहिल्यासारखी होय.

आपल्या पूर्वजांनी या विषयाचा विचार केला नव्हता, असे नाही. एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितात नऊ गोष्टी प्रयत्नपूर्वक गुप्त राखाव्यात, असे सांगितले आहे : आपले वय, धन, घरातील उणीव, मंत्र, दांपत्यजीवन, औषध, तप, दान आणि झालेला अपमान. लहानपणी ही नावे पाठ करताना त्यांत कृपणपणा किंवा संशयीपणा आहे, असे आम्हांस वाटे. आज त्यांतील एकेक शब्द पारखून पाहिला असता त्यामागील व्यवहारज्ञान ध्यानात येते.

वय म्हणजे आज जन्मतारीख. वाढदिवसाच्या शुभेच्छा घेताना आपण ती वर्षासह जाहीर करतो. पण बँकेचा दूरध्वनी असो वा विमा कंपनीचा, माणसाची ओळख पटविण्यासाठी प्रथम विचारतात ती हीच. धन म्हणजे नवे वाहन, नवे दागिने, गृहप्रवेश यांची छायाचित्रे. घरातील उणीव म्हणजे कोण परगावी गेले, कोण एकटे राहते, कोणाचे कोणाशी पटत नाही. औषध म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळून टाकलेले छायाचित्र व तपासणीचे कागद. दान म्हणजे देणगीचा धनादेश हाती धरून काढलेले चित्र. त्या धनादेशावर खाते क्रमांक असतो आणि स्वाक्षरीही असते. आणि मंत्र? गुरूने कानात सांगितलेला मंत्र जसा दुसऱ्यास सांगावयाचा नसतो, तसाच परवलीचा शब्द आणि ओटीपी. तो मागणारा कितीही गोड बोलो, तो चोरच समजावा.

यांतील एकेक गोष्ट सुटी घेतली तर निरुपद्रवी दिसते, आणि फसगत होते ती येथेच. एका दाण्याने कोठार भरत नाही. पण चोर दाणे वेचून एकत्र करतो. २००८ साली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या निवडणुकीस सारा पेलिन या उभ्या होत्या. त्यांची ई-मेलची पेटी एका महाविद्यालयीन तरुणाने उघडली. त्याने कुलूप फोडले नाही. परवलीचा शब्द विसरल्याचे सोंग त्याने केले, तेव्हा यंत्राने जन्मतारीख, टपालाचा क्रमांक आणि पतीची भेट प्रथम कोठे झाली, एवढेच विचारले. तिन्ही उत्तरे सार्वजनिक माहितीत शोधली असता सापडण्याजोगी होती. आपल्याकडेही असा प्रश्न विचारण्याची रीत आहे, आणि त्यांत एक प्रश्न फार परिचयाचा आहे : आईचे माहेरचे नाव काय? वाचकहो, मुंजीच्या पत्रिकेत आजोळ छापलेले असते, याचे स्मरण ठेवावे.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांचे. २०२० च्या मार्च महिन्यात त्यांनी विमानप्रवासाच्या पासाचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर ठेवले. त्यावरील आरक्षणाच्या क्रमांकावरून एका जाणकाराने त्यांचा पारपत्र क्रमांक व दूरध्वनी क्रमांक शोधून काढला. सुदैवाने तो सज्जन निघाला आणि त्याने ही गोष्ट अधिकाऱ्यांस कळविली. यात्रेस किंवा मुलांकडे परदेशी निघताना विमानतळावरून असे चित्र धाडण्याची हौस आपल्याकडेही कमी नाही. प्रत्येकास सज्जनच भेटेल, याची हमी कोण देणार?

आतापर्यंत स्वतःच्या माहितीविषयी लिहिले. परंतु अधिक गंभीर प्रश्न दुसऱ्याच्या माहितीचा आहे. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचे प्रकरण जगभर गाजले. फेसबुकवर स्वभावचाचणीचे एक ॲप होते. ते घेणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांची माहितीही त्या ॲपकडे जात असे, आणि पुढे ती या कंपनीच्या हाती पडली. फेसबुकनेच त्या वर्षी दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते ॲप अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते. परंतु त्यांच्या मैत्रीमुळे आणखी ५,६२,१२० लोकांची माहिती बाहेर गेली असण्याचा संभव होता. म्हणजे या साडेपाच लाखांहून अधिक लोकांनी काहीच केले नव्हते. त्यांच्या वतीने दुसऱ्याने दार उघडले होते.

आमच्या हातून याहून निराळे काय घडले? ताईंचा क्रमांक आम्ही त्यांस न विचारता चव्हाट्यावर मांडला. नातू तर आठ वर्षांचा. त्याचे नाव, चेहरा, शाळेचा गणवेश, शाळेत जाण्यायेण्याची वेळ ही सर्व त्याची ठेव आहे. आपण तिचे केवळ विश्वस्त आहोत. विश्वस्ताने ठेव उधळू नये, हे मंदिराच्या सभासदांस आम्ही निराळे सांगावयास नको.

कायदा आपले रक्षण करील, अशी पुष्कळांची समजूत असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी, असे त्यात ठरविले आहे. हे सर्व स्वागतार्ह होय. परंतु त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे व ती थोड्यांच्याच लक्षात येते. माणसाने स्वतः होऊन सर्वांसमोर मांडलेल्या आपल्या माहितीस हा कायदा लागू होत नाही. समाजमाध्यमावर स्वतः प्रकट केलेली माहिती, हेच उदाहरण तेथे दिलेले आहे. तात्पर्य, कायदा दाराशी राखण करील; पण आपण स्वहस्ते बाहेर नेऊन ठेवलेल्या वस्तूवर त्याचा पहारा नाही.

अलीकडे पोलीस वा सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून, चित्रफितीच्या संभाषणात माणसास तासन् तास अडकवून लुबाडण्याचा प्रकार फोफावला आहे. त्यास 'डिजिटल अटक' असे म्हणतात. अशी अटक कायद्यात कोठेही नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात पंतप्रधानांनी या फसवणुकीच्या पायऱ्या सांगितल्या, त्यांत पहिली पायरी वैयक्तिक माहिती गोळा करण्याची होती. मागील महिन्यात आपण कोठे गेला होता, कन्या कोणत्या शहरी शिकते, हे परक्याच्या तोंडून ऐकताच वृद्ध माणसाची खात्री पटते की बोलणारा खरोखरच अधिकारी असावा. वस्तुतः ते त्याला आपल्याच घरातून कळलेले असते.

मग समाजमाध्यमांचा त्याग करावा काय? आमचे तसे मत नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा दूरदूरच्या नगरांत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांना या साधनाने जवळ आणले आहे, आणि परदेशी असलेल्या मुलानातवंडांचे मुखदर्शन घडविले आहे. अग्नीवर स्वयंपाक होतो म्हणून कोणी तो घरभर पसरीत नाही. त्यास चुलीत स्थान देतो. तेवढीच मर्यादा येथे हवी. आमच्या घरी आम्ही ज्या गोष्टी ठरविल्या, त्या नम्रपणे सादर करतो.

पत्रिका दोन प्रकारच्या कराव्यात. पत्ता, क्रमांक व आजोळ असलेली पत्रिका ज्यास बोलवावयाचे त्यासच पाठवावी. सर्वांसाठी केवळ शुभवार्ता व आशीर्वादाची विनंती पुरे. प्रवासाची व यात्रेची छायाचित्रे घरी परतल्यावर दाखवावीत. चार दिवसांनी त्यांचे पुण्य उणे होत नाही. वाढदिवस सांगावा, जन्मवर्ष सांगू नये. चित्र पाठविण्यापूर्वी त्यात दारावरची पाटी, वाहनाचा क्रमांक, धनादेश अथवा मुलाच्या शाळेचे नाव दिसते की काय, ते पाहावे. दुसऱ्याचे चित्र वा क्रमांक त्यास विचारल्यावाचून देऊ नये. मूल जाणते असेल तर मुलासही विचारावे. आपले लेखन कोणी पाहावे, याची मर्यादा फेसबुकवर व इन्स्टाग्रामवर घालता येते. ती कशी घालावी, हे घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांस शेजारी बसून, न रागावता दाखवावे. आणि एवढे करूनही फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. जितके लवकर कळवाल, तितका पैसा अडविला जाण्याचा संभव अधिक. अपमान झाकावा असे सुभाषित म्हणते खरे. पण ते चोराच्या सोयीसाठी नव्हे.

आपल्या मंदिराच्या समूहातही सभासदांचे पत्ते, क्रमांक व जन्मतारखा यांची यादी टाकण्याचा प्रघात पडला आहे. ती यादी कार्यालयातच ठेवावी आणि मागणाऱ्यास विचारपूस करून द्यावी, अशी सूचना आम्ही येत्या सभेत मांडणार आहोत. उत्सवाच्या छायाचित्रांविषयीही, विशेषतः मुलांच्या, असाच विचार व्हावा.

शेवटी पुन्हा त्या व्रतबंधाकडे वळू. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाचे एक अभिवादनीय नाव सांगितले आहे. उपनयन होईपर्यंत ते केवळ आईवडिलांनाच ठाऊक असावे, असा नियम आहे. नाव चारचौघांत घेण्यासाठीच असताना एखादे नाव मुद्दाम राखून का ठेवावे, हा प्रश्न आम्हांस पूर्वी पडत असे. ताईंच्या त्या एका प्रश्नाने त्याचे उत्तर दिले. घरात एखादी तरी गोष्ट अशी असावी की जी घराबाहेर कोणासही ठाऊक नाही. परक्याची व आपल्या माणसाची पारख करण्याची वेळ येते, तेव्हा तीच उपयोगी पडते.

आमच्या कुटुंबाने आता असा एक शब्द ठरविला आहे. तो सर्वांना तोंडपाठ आहे. कोठेही लिहिलेला नाही. मोठ्या उत्साहाने अनेक गोष्टी प्रकट करणाऱ्या आम्हांस या वयात एक गोष्ट गुप्त राखण्याचा नेम घ्यावा लागला. तो आपणही घ्यावा, आणि आजच रात्री जेवणाच्या वेळी सर्वांस एकत्र बसवून आपल्या घरचा शब्द ठरवावा, एवढीच विनंती.