ओहोटीच्या वाटेने

चिंचवडची नदी पवना. ती सह्याद्रीत उगम पावते. परंतु पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असूनही पूर्वेकडे वळते आणि मुळा, भीमा, कृष्णा यांच्या संगतीने दूरच्या बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे घाटाखालचा समुद्र पाहावयाचा, तर नदीच्या उलट दिशेनेच निघावे लागते. पिंपरी-चिंचवडमधील एका शाळेची सातवीची मुले एका चतुर्थीस पहाटे चार वाजता तशी निघाली. कारखान्यांतील रात्रपाळी अजून सुटावयाची होती. बोरघाट उतरून पेणमार्गे ती आठाच्या सुमारास अलिबागेस पोहोचली.

इतक्या पहाटे निघण्याचे कारण गुरुजींनी आदल्या दिवशीच फळ्यावर मांडले होते. कोकणातील कोळी घड्याळावाचून भरतीची वेळ सांगतात. तिथीच्या अंकाला तिनाने गुणावे व चाराने भागावे. येईल त्या तासाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. तीन वाजता भरती, तर पुढे सहा तासांनी, नवाच्या आसपास, पूर्ण ओहोटी.

"म्हणजे समुद्रालाही पाळ्या असतात!" एक मुलगा म्हणाला. त्याचे वडील चाकणच्या कारखान्यात कामास आहेत. उपमा वाईट नाही. मात्र ही पाळी रोज पाऊण तास उशिरा लागते आणि ती लावतो चंद्र. इटलीतील नेपल्स शहराच्या मुलांना हे गणित फारसे करावे लागत नाही. भूमध्य समुद्र जमिनीने जवळजवळ वेढलेला असल्यामुळे तेथे पाणी जेमतेम हातभर चढते-उतरते. अलिबागेस उधाणाच्या दिवशी ते तीन-चार मीटर चढते.

समोर ओल्या वाळूची व खडकांची वाट उघडी पडली होती आणि तिच्या टोकाला कुलाबा किल्ला उभा होता. शिवाजी महाराजांनी 1680 साली त्याचे काम सुरू करविले. ते संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे बनले. 1721 साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन त्यावर हल्ला केला, पण त्यांना हात हालवीत परतावे लागले.

तटापाशी मुले थबकली. मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले! लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. आत गणपतीचे देऊळ आहे, आणि खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात गोड्या पाण्याची विहीरही आहे. ते पाणी चाखल्यावाचून कोणीही पुढे सरकेना.

सव्वादहाला गुरुजींनी शिट्टी वाजविली. मुले मोजली, तो एक कमी. पाळ्यांची उपमा देणारा तोच मुलगा शेजारच्या सर्जेकोटाकडे गेला होता. त्याला शोधून आणीपर्यंत वीस मिनिटे गेली. एवढ्यात खडकांमधील खळगे भरू लागले होते. "आता थांबू नका," टांगेवाला म्हणाला आणि लहान चणीच्या मुलांना त्याने टांग्यात घेतले. बाकीची हातांची साखळी करून निघाली. पाणी प्रथम घोट्यापर्यंत होते. मध्यावर ते गुडघ्याला लागले. कोणी बोलत नव्हते.

दुपारी त्यांनी कान्होजींची समाधी पाहिली. अलिबागेत एक चुंबकीय वेधशाळाही आहे. ती पूर्वी मुंबईस कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम यावयाच्या, तेव्हा पृथ्वीच्या चुंबकत्वाची सूक्ष्म मोजमापे बिघडतील म्हणून 1904 साली हे काम येथे सुरू झाले. शहर वाढले म्हणून शास्त्रालाही घर बदलावे लागते, ही गोष्ट कारखान्यांच्या गावातील मुलांना चटकन पटली.

तीन वाजता सर्वजण पुन्हा किनाऱ्यावर आले. सकाळची वाट नाहीशी झाली होती. ज्या खडकांवर त्यांनी पाय दिले होते, त्यांवरून होडी चालली होती. सर्जेकोटाकडे गेलेला मुलगा बराच वेळ त्या होडीकडे पाहत उभा राहिला. मग त्याने खिशातून वही काढली, पंचमीचा अंक मांडला, तिनाने गुणून चाराने भागला आणि लिहिले : "उद्या, पावणेचार."